कुणाच्या माचा?

दुकानाच्या काचेवर पाटी लागली त्या सकाळी जीभरावांनी कुलूप उघडलंच नाही. किल्ली हातात धरून ते फुटपाथवर उभे राहिले आणि पाटीकडे अशा नजरेने बघू लागले, की तिच्या जागी माणूस असता तर त्याने रस्ता बदलला असता. पाटीवर एकच शब्द होता, हिरव्या रंगात, गोलगोल वळणाचा: माचा. खाली बारीक अक्षरांत 'लवकरच'.

"माचा!" ते म्हणाले. "कुणाच्या माचा?"

शेजारच्या कुलूपवाल्याने अर्धं वर केलेलं शटर तसंच धरून हसून घेतलं. "जीभराव, चहा आहे म्हणतात तो. नवीन निघालाय."

"चहा नवीन निघत नसतो. मोबाइल निघतो नवीन."

"मग आहे काय ते?"

"भुकटी! डब्याच्या तळाशी उरते आणि आपण झाडून कुंडीत टाकतो, ती. ती आता आमच्या सूनबाई आमच्याच काचेवर नाव लिहून विकणार. उद्या पायपुसणं झटकतील आणि त्यालाही एखादं गोड नाव देतील."

एवढं बोलून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं आणि मग कुठे त्यांनी कुलूप उघडलं.

जीभराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाजारानेच ते त्यांना बहाल केलं होतं, आणि ते दोन कामगिऱ्यांबद्दल होतं. पहिली म्हणजे चहाची पारख. दुकानात फक्त हिरवा चहा, अख्ख्या पानाचा. भिंतभर पत्र्याचे डबे, खिडकीपाशी एक लाकडी टेबल, टेबलावर पांढरे पेले. घाऊक व्यापारी नमुने घेऊन आले की बायको पाणी तापवायची, पानं भिजवायची, आणि जीभराव पेल्यातून असा भुरका मारायचे की समोरच्या लाँड्रीतली माणसं माना वर करायची. मग डोळे मिटून सांगायचे: हा उशिरा खुडलाय, ह्याला वाटेत ओल लागलीय, हा गेल्या वर्षीचा आहे आणि तुम्ही मला ह्या वर्षीचा म्हणून दाखवताय, उठा. त्यांच्याकडे निकाल दोनच. वाईट चहाला 'पाणी' आणि उत्तम चहाला 'बरा'. 'बरा'च्या वर ते कधी गेले नाहीत. जीभरावांनी बरा म्हटलं की व्यापारी फुटपाथवरून उड्या मारत जायचे.

दुसरी कामगिरी म्हणजे बोलणं. कुणाच्याच जिभेला हाड नसतं, पण ह्यांच्या जिभेला दात आहेत, असं बाजारात म्हणत. दूध-साखर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी दाराबाहेर काढलं होतं. उकळतं पाणी ओततो म्हणणाऱ्या एका डॉक्टरला, "पेशंटलाही असंच करता का?" असं विचारलं होतं. लोक दुखावत, चार दिवस येत नसत, पाचव्या दिवशी येत. कारण त्या जिभेवर त्यांचा विश्वास होता.

आणि त्या जिभेची अर्धी नोकरी गेली होती.

गेल्या हिवाळ्यात जीभरावांना ताप आला. साधाच ताप, अंथरुणात पडून गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं सर्दी असेल. सर्दी गेली, वास परत आला नाही. आणि हिरव्या चहाची सगळी मौज तर नाकातूनच जिभेवर उतरते. जिभेवर राहिलं ते कोमट, किंचित तुरट पाणी. अंगणातलं गवत, ओली माती, भाजलेलं धान्य, जे जे त्यांना एका घोटात भेटायचं त्यातलं काही भेटायला येईना. टेबलाशी बसून ते भुरका मारत आणि आत कुणीच नसे.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं तरी काय? सुताराने हात गेले म्हणून सांगावं आणि मग दुकानात बसून करावं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. ते डोळ्यांनी निभावू लागले. पान कसं उलगडतंय, रंग कसा उतरतोय, व्यापारी कपाळाचा घाम का पुसतोय, हे बघून निकाल द्यायचे. आणि निकाल बहुतेक एकच असे. बरा. ज्यांनी त्यांचा 'बरा' ऐकायला वर्षं घालवली होती ते व्यापारी आता बावचळल्यासारखे एकमेकांकडे बघत.

चव गेली तशी दुसरी बाजू मात्र दुप्पट जोमाने चालू लागली. घरी, दारी, फोनवर, जीभराव सतत तापलेले. माचाची पाटी तर आयतीच सापडली.

"बाबा, तळाची भुकटी नाही ही," सून परत परत समजावत होती. मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. दुकानात सासूसासऱ्यांच्या बरोबरीने उभी राहायची ती सूनच. "खुडायच्या आधी झाडांवर सावली धरतात. पानं कोवळी, गडद होतात. मग वाफवायची, सुकवायची, देठ आणि शिरा काढायच्या, आणि उरेल ते दगडी जात्यावर दळायचं."

"दळायचं! ऐकलंस का गं? चहा दळतात! मग मळायचा कधी?"

बायको डबे पुसत होती. ती म्हणाली, "ऐकतेय."

"तुमच्या चहात पान पाण्यात भिजतं, आपण पाणी पितो आणि पान टाकून देतो," सून म्हणाली. "ह्यात अख्खं पानच पोटात जातं."

"संत्रं सालीसकट खातेस का तू? नाही ना? टाकायचं ते टाकायचं असतं, म्हणूनच ते टाकतात! आणि आपलं पान दुसऱ्यांदा भिजतं, तिसऱ्यांदा भिजतं, दर वेळी निराळं बोलतं. तुझी भुकटी एकदा गिळली की संपली. आणि हे काय?" त्यांनी तिच्या टेबलावरची बांबूची छोटी रवी उचलली. "दाढीचा ब्रश?"

"त्याने घुसळतात. फेस येतो."

"चहाला फेस! साबण आहे का तो?"

सून हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही चाखल्याशिवाय मी एक वाडगासुद्धा विकणार नाही. तुम्ही 'पाणी' म्हणालात तर पाटी मी स्वतः उतरवीन. पण चाखून सांगा."

इतका वेळ तोफ चालवणारे जीभराव एकदम थंडावले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी कचरा चाखत नाही," ते म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण लाल पेन अजून मनातून गेलेलं नाही. जीभरावांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, आणि त्यांच्याशी वाद घालून टिकलेलं बहुधा एकमेव. त्यांनी पिशवीतून चहाचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"ह्याला वास येतोय," त्या म्हणाल्या.

"चहाला वास येतोच. म्हणून तर घेतात."

"बंद कपाटाचा वास येतोय. ओलसर. हुंगा तुम्ही."

जीभरावांनी पाकीट उघडलं, नाकाशी नेलं, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. कागद नाही, चहा नाही, कपाटही नाही. सून शेजारीच उभी होती. पाकीट उघडताच तिचं नाक किंचित आक्रसलं, हे त्यांनी बघितलं. बायकोने मान खाली घातली, हेही बघितलं. मग त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. आणि माणूस चुकीचा असला आणि त्याला ते ठाऊक असलं, की तो किती मोठ्याने ओरडू शकतो हे त्या दिवशी समोरच्या लाँड्रीलाही कळलं.

"वास पाकिटाला नाही, तुमच्या घराला येत असेल! जिन्याखाली ठेवला असेल डबा! मी स्वतः चाखून घेतलाय हा चहा, मी! वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासून चहा कळत नसतो, बाई!"

मास्तरीणबाईंनी पूर्वी त्यांची अशी बरीच बोलणी ऐकली होती. पण तेव्हा ती बोलणी खरी असायची. त्या त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या, रागाने नाही, गणित चुकलेल्या हुशार मुलाकडे बघावं तशा. मग पाकीट तिथेच ठेवून निघून गेल्या. चार दिवस झाले, पाचवा झाला. त्या आल्या नाहीत.

सुनेने मध्येच एक बेत काढला. शनिवारी दुपारी नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलवायचं, पान आणि भुकटी शेजारी-शेजारी ठेवायची, आणि जीभरावांनी सगळ्यांसमोर दोन्ही चाखून बोलायचं. जीभरावांनी साफ नकार दिला. तेव्हा कुलूपवाला दारातून डोकावून म्हणाला, "राहू द्या हो, सूनबाई. घाबरले ते भुकटीला."

"घाबरले?" जीभराव उसळले. "अरे, एका घोटात पाणी जोखतो त्या माचाचं! बोलाव सगळ्यांना!"

बोलून गेल्यावर ते रात्रभर कूस बदलत राहिले. पण विचार करता त्यांना धोका दिसेना. माचा म्हणजे दाट हिरवं, गढूळ. आपला चहा म्हणजे फिकट, नितळ. आंधळ्यालाही फरक कळेल. माचाचा घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, 'पाणी' म्हणायचं. मग आपल्या चहाचा घोट घ्यायचा आणि बोलायचं. बोलायला कुठे नाक लागतं? इतक्या वर्षांचं तोंडपाठ होतं. पाटी उतरेल, सोमवारी व्यापारी नव्या हंगामाचे नमुने घेऊन येईल, आणि टेबलापाशी खुर्ची कुणाची हा प्रश्नच उरणार नाही. खरा जीव त्या खुर्चीत अडकला होता. ती गेली तर जीभराव म्हणजे फुटपाथवर उभा राहून ओरडणारा एक म्हातारा.

शनिवारी दुकान भरलं. लाँड्रीवाली आली, तो उकळत्या पाण्याचा डॉक्टर आला, कुलूपवाला तर पहिल्याच रांगेत. आणि सगळ्यांच्या मागे, दारापाशी, मास्तरीणबाई. सुनेने त्यांना घरी जाऊन बोलावलं होतं. जीभरावांनी त्यांना बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

सुनेने टेबलावर काळेभोर वाडगे मांडले होते, आतूनही काळे. पांढऱ्या पेल्यांचा पत्ता नव्हता. "हे काय, अंत्ययात्रा आहे का चहाची?" जीभराव म्हणाले, आणि पहिला हशा मिळाला. हशा मिळाल्यावर ते सुटलेच. चहाचं पान म्हणजे काय, ते उलगडतं म्हणजे काय, ह्यावर त्यांनी असं काही भाषण ठोकलं की डॉक्टरने मोबाइल खिशात ठेवला. बायको किटलीपाशी उभी होती. तिने सुनेच्या सांगण्याप्रमाणे एका वाडग्यात गरम पाणी ओतलं. सून पाठ वळवून भुकटी गाळणीतून चाळत होती, कारण ती न चाळता घेतली की गुठळ्या होतात.

"आता हे," जीभराव म्हणाले आणि त्यांनी तो वाडगा उचलला.

"बाबा, थांबा..." सून वळेपर्यंत उशीर झाला होता.

वाडग्यातून वाफ येत होती. आत फिकट, नितळ काहीतरी होतं, काळ्या रंगावर जेवढं दिसेल तेवढं. हिरवं नव्हतं, गढूळ नव्हतं. म्हणजे आपला चहा. पोरीने स्वतःच्या वाडग्यात आपला चहा दिलाय. जीभरावांनी डोळे मिटले आणि भुरका मारला, जुना, खणखणीत, समोरच्या लाँड्रीत ऐकू जाईल असा.

"ह्याला म्हणतात चहा," ते म्हणाले. "आधी जिभेच्या टोकाला गोडवा येतो. मग ओल्या गवताचा वास नाकात चढतो. आणि घोट गेल्यावर मागे राहते ती पानाची आठवण. दळलेल्या भुकटीत ही आहे का? बरा आहे. अगदी बरा आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. कुलूपवाला सवयीने हसला आणि आपण एकटेच हसतोय हे कळून गप्प झाला. जीभरावांनी डोळे उघडले. सून हातात गाळणी धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"अहो," दारापाशी उभ्या असलेल्या मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "त्यात अजून काही घातलेलंच नाहीये. ते नुसतं पाणी आहे."

माचा घुसळायच्या आधी वाडगा गरम पाण्याने तापवून घेतात आणि ते पाणी ओतून देतात. सुनेला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, सुनेने सांगितलं तेव्हा जीभरावांनाही ठाऊक व्हायला हवं होतं. पण ते तेव्हा दाढीच्या ब्रशावर विनोद करत होते.

"पाणीच चाखलं त्यांनी," बायको मोठ्याने म्हणाली. "आधी पाणी चाखून बघतात ते. पाणी चांगलं नसेल तर चहा काय चांगला होणार?"

सगळ्यांनी माना हलवल्या. हो, हो, बरोबर, पाणी महत्त्वाचं. ओल्या गवताचा वास पाण्याला कुठून आला, असं एकानेही विचारलं नाही. डॉक्टरने तर "वा!" सुद्धा म्हटलं. आणि हेच जीभरावांना सहन झालं नाही. हसले असते तर त्यांनी दोन हात केले असते. हे लोक त्यांना सांभाळून घेत होते. ज्यांना त्यांनी दाराबाहेर काढलं होतं, ते त्यांना हात धरून रस्ता पार करून देत होते. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन दार आपटलं.

बायको त्यांच्या मागोमाग आत आली.

"तुला माहीत होतं?" ते म्हणाले.

"दूध करपून घरभर धूर झाला होता, आणि तुम्ही ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होतात. त्या दिवसापासून माहीत आहे."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?" बायकोचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे, म्हणून जीभराव खुर्चीत बसले. "इतका संसार केला मी तुमच्याशी. माझं सगळं दुखणं-खुपणं तुम्हाला माहीत. आणि तुमचं एक नाक गेलं तर ते माझ्यापासून लपवलंत! मी काय व्यापारी आहे? रोज पाणी तापवून देत होते, रोज तुमचं खोटं ऐकत होते, वाट बघत होते की आज सांगतील, उद्या सांगतील. आणि तुम्ही काय केलंत? त्या मास्तरीणबाईंच्या घराला वास येतो म्हणालात! लाज वाटली मला, लाज!"

"मला काय हौस होती..."

"बोलू नका!"

दार उघडलं. सून आत आली, हातात वाडगा घेऊन. बाहेर गिऱ्हाइकांना सासूने भिजवलेल्या पानांचा चहा देऊन ती आली होती. तिचे डोळे लाल होते, पण रडून नव्हे.

"गेला महिनाभर," ती म्हणाली, "तुम्ही मला शिव्या देताय. कचरा, झाडलोट, पायपुसणं, साबण. मला वाटायचं, बाबा आहेत, त्यांना कळतं, असेल काही खोट माझ्या मालात. रात्र-रात्र मी विचार केला की पाटी काढून टाकू का. आणि तुम्हाला कळतच नव्हतं! चव नाही, वास नाही, आणि निकाल मात्र तयार! हा कुठला न्याय, बाबा?"

जीभरावांनी तोंड उघडलं, पण सून थांबली नाही.

"घ्या," सुनेने वाडगा त्यांच्या हातात कोंबला. "नुसतं गरम पाणी वाटलं तर पाणी म्हणा. मी पाटी काढते. पण ह्या वेळी खरं बोला."

वाडग्यात दाट हिरवं काहीतरी होतं, वर बारीक फेस. जीभरावांनी वैतागून तो तोंडाला लावला. त्यांना माहीत होतं काय होणार. कोमट, दाट, काहीच नाही. आणि मग ते 'पाणी' म्हणतील, आणि तो त्यांचा गेल्या कित्येक महिन्यांतला पहिला खरा निकाल असेल, आणि शेवटचा. त्यांनी घोट घेतला.

त्यांचा चेहरा आक्रसला. डोळे मिटले, भुवया वर गेल्या, ओठ आत ओढले गेले. बायको घाबरून पुढे झाली.

"कडू!" जीभराव ओरडले.

दोघी बघत राहिल्या.

"कडू आहे! जहर आहे नुसतं! हे लोक पितात? पैसे देऊन पितात?" त्यांनी दुसरा घोट घेतला. "शी! जिभेच्या मुळापर्यंत कडू! आणि मागून... थांब... मागून काहीतरी जाड, खारट-गोडसर येतंय, उकडलेल्या भाजीच्या पाण्यासारखं. काय हे! चहा आहे की सूप आहे?" तिसरा घोट. "नाक बंद ठेवून नुसत्या जिभेलाही कळेल एवढं कडू! अगं, तू घे, तू चाख, बघ किती वाईट आहे!"

बायकोने वाडगा घेतला नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जीभरावांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्यांनी वाडग्यात बघितलं. तळाशी थोडा हिरवा गाळ राहिला होता. तो त्यांनी बोटाने पुसून जिभेवर ठेवला. कडू होता.

सोमवारी व्यापारी नमुने घेऊन आला तेव्हा टेबलाशी सून बसली होती आणि खुर्ची ओढून शेजारी जीभराव. व्यापारी दोघांकडे आळीपाळीने बघू लागला.

"तिच्याकडे बघा," जीभराव खेकसले. "माझं नाक गेलंय. ह्या घरात आता तेवढं एकच नाक आहे. आणि तू, सूनबाई, असा चहा पितात होय? चिमणीसारखा? भुरका मार! वारा आत गेला पाहिजे, तेव्हा वास वर चढतो. मोठ्याने! लाँड्रीत ऐकू गेला पाहिजे."

सुनेने भुरका मारला. तिला ठसका लागला. दुसरा मारला. "ओल लागलीय ह्याला," ती घाबरत म्हणाली.

"मग म्हण तसं! निकाल दे!"

"पाणी," सून म्हणाली. व्यापाऱ्याने कपाळाचा घाम पुसला, आणि तो घाम बघून जीभरावांना कळलं की पोरगी बरोबर आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ बघून व्यापाऱ्यालाही जुने दिवस आठवले असावेत. त्याने पिशवीच्या तळातून दुसरा नमुना काढला, चांगला.

दुपारी जीभरावांनी मास्तरीणबाईंना दिलेल्या त्या ओल लागलेल्या चहाचा अख्खा डबा मागच्या कुंड्यांत रिकामा केला. मग नव्या चहाचं पाकीट बांधलं, आणि ते टोपी घालून निघणार एवढ्यात मास्तरीणबाईच दारात उभ्या राहिल्या. बहुधा बायकोचा फोन गेला होता. जीभरावांनी पाकीट पुढे केलं.

"हे सुनेने हुंगलंय," ते म्हणाले. "मी नाही."

मास्तरीणबाईंनी पाकीट घेतलं.

"त्या दिवशी मी तुमच्या घराला जे म्हणालो," जीभराव खाली बघत म्हणाले, "ते खोटं होतं. तुमचं नाक बरोबर होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच इतका ओरडलो."

"ते मला कळलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही खरे असता तेव्हा इतके मोठ्याने ओरडत नाही."

जीभराव काउंटरमागे गेले आणि तिथे ठेवलेला काळा वाडगा त्यांनी उचलला. काचेवरच्या पाटीवरचा 'लवकरच' आता खरवडून काढलेला होता.

"हे काय पिताय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"विष."

"मग पिता कशाला?"

"अहो बाई," जीभराव भडकून म्हणाले, "विष आहे हे मला कळतंय ना!"

आणि त्यांनी असा भुरका मारला की समोरच्या लाँड्रीतली माणसं माना वर करून बघू लागली.